शस्त्र कोणाचे, हुकूम कोणाचा?

माझ्या वृद्ध वडिलांचे निवृत्तिवेतन काढण्याकरिता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला बँकेत जावे लागते. तेथे दाराशी एक पहारेकरी असतो. माणूस सातारा जिल्ह्यातला. सतरा वर्षे पायदळात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. खांद्याला जुनी दुनळी बंदूक, पट्ट्यात चार-सहा काडतुसे, आणि मुद्रेवर आपण कोणाच्या अध्यातमध्यात नाही असा भाव. रांग लांबली म्हणजे आमचे थोडेबहुत बोलणे होते. एकदा मी सहज म्हणालो, ‘‘हवालदारसाहेब, इतकी वर्षे रायफल वागवलीत, आता ही दुनळी म्हणजे तुम्हांला खेळणेच वाटत असेल.’’ त्यावर ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘नाही सर. तिथं रायफल सरकारची अन् हुकूम साहेबाचा. इथं बंदूक माझी, परवाना माझा, अन् चालवायची का नाही तेबी मीच ठरवायचं. तिथं कधी भ्यालो नाही. इथं रोज भितो.’’

तर्कशास्त्र शिकविण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत. परंतु या तीन वाक्यांत जो भेद त्यांनी दाखविला तो माझ्या ध्यानी कधी आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. नागरिक, पोलीस आणि सैनिक या तिघांच्या शस्त्रधारणाचे नियम निरनिराळे का, असे कोणी विचारले असते तर मी चारचौघांसारखेच उत्तर दिले असते, की ज्याला शिक्षण अधिक त्याला मोकळीक अधिक. सैनिक निष्णात, म्हणून त्याला तोफाही द्याव्या. पोलीस अर्धशिक्षित, म्हणून त्याला थोडे कमी. आणि आपण अनभिज्ञ, म्हणून आपणांस परवान्याचा जाच.

हे उत्तर या एका माणसापुढेच टिकत नाही. ज्या दिवशी ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांचा नेम काही चुकू लागला नव्हता. तरीही ज्या सरकारने त्यांच्या हाती यंत्रबंदूक निर्धास्तपणे दिली, त्याच सरकारने दोन नळ्यांची बंदूक देताना पोलीस चौकशी केली आणि कागदपत्रे मागितली. इतकेच कशाला, नोकरीत असतानाही रायफल त्यांची अशी कधी नव्हतीच. पहारा संपला की ती मोजून कोतात जमा व्हावयाची. रजेवर गावी येताना सोबत ट्रंक येई, वळकटी येई. रायफल येत नसे. शस्त्र हाच ज्याचा धंदा, त्याच्या घरी शस्त्र नाही! तेव्हा प्रश्न कौशल्याचा नाही. गोळी झाडण्याचा निर्णय कोणाच्या माथी आहे, हा प्रश्न आहे, आणि नियमांतले भेद तेथून निघतात असे मला वाटू लागले आहे.

नागरिकाची गोष्ट प्रथम घेऊ. तिच्यामागे आपल्या देशात एक जुने शल्य आहे. लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली जो शस्त्रांचा कायदा झाला, त्याच्या नियमांनी युरोपीय लोकांस सूट होती आणि एतद्देशीयांस परवाना लागे. हा अपमान सुशिक्षितांच्या मनात इतका सलत होता, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात, नियमांस अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. ज्याने त्याने बाजारात जाऊन मारक साधने बिनदिक्कत विकत घ्यावी असे झाल्यास राज्याचा कारभार चालणार कसा, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र देशात शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर घटनेत जो हक्क आला तो शांततेने आणि शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा. परक्याने आपले शस्त्र काढून घेतले हे दुःख खरे. परंतु राज्य आपले झाल्यावर आपण होऊन शस्त्र खाली ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती त्या सभागृहाने समजून उमजून केली.

१९५९ चा शस्त्र अधिनियम याच धोरणाचा आहे. परवाना घ्यावा, तो मुदतीने नवा करावा, शस्त्र मिरवू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदारास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि लग्नावरातीत हौसेखातर गोळ्या उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (नवरदेवाच्या आनंदाने मांडवातला वऱ्हाडी मरावा, हा आनंदाचा प्रकार काय आहे तो मला कधी कळला नाही.)

पण परवाना मिळाला म्हणजे गोळी झाडण्याची परवानगी मिळाली असे नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. परवाना जवळ बाळगण्याचा. चालविण्याचे समर्थन दंडविधानातल्या आत्मसंरक्षणाच्या कलमांतच शोधावे लागते, आणि ती कलमे फार हिशेबी आहेत. सरकारी मदत मागण्यास सवड असेल तर तो हक्क उरत नाही. बचावास लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. मध्यरात्री दार फोडून कोणी आत येतो, घरातली मुले रडू लागतात, आणि त्या एका पळात जे ठरविले त्याचे माप पुढे न्यायाधीश भर दुपारी शांतपणे घेतात. न्यायालये या पळाचा विचार सहानुभूतीने करतात हे खरे. तरीही त्या पळी त्या गृहस्थाच्या पाठीशी वरिष्ठ नसतो, पलटण नसते, हुकूम नसतो. आमचे हवालदार रोज भितात ते या एकटेपणाला.

सैनिकाची स्थिती याच्या अगदी उलट. १८६० च्या दंडविधानात एक लहानसे उदाहरण आहे, आणि २०२३ च्या न्याय संहितेनेही ते तसेच ठेवले आहे: वरिष्ठाच्या हुकुमावरून, कायद्याच्या आज्ञेस अनुसरून, सैनिकाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नव्हे. निर्णयाचा भार त्याच्या खांद्यावरून उचलून वर नेलेला आहे. म्हणूनच रायफल त्याच्या घरी जात नाही. हुकुमापासून तोडलेली रायफल त्याच्यापाशी असण्याचे कारणच नाही. जमाव पांगविण्यास सैन्य बोलवावे लागले तरी बोलावणारा मुलकी अधिकारी असतो, आणि बळ व इजा कार्यापुरती, शक्य तितकी कमी असावी असे कायदा सांगतो.

परंतु त्या उदाहरणातले ‘कायद्याच्या आज्ञेस अनुसरून’ हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरने पन्नास शिपाई उभे करून १६५० फैरी झाडविल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. आपण डायरचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. त्या पन्नासांची नावे कोणी घेत नाही. त्यांनी हुकूम पाळला. आता दुसरी तारीख पाहा. २३ एप्रिल १९३०, पेशावर. समोर निःशस्त्र पठाणांचा जमाव, आणि गढवाली पलटणीला गोळीबाराचा हुकूम. चंद्रसिंह गढवाली आणि त्याच्या सोबत्यांनी तो मानला नाही. लष्करी न्यायालयापुढे खटला होऊन चंद्रसिंहास जन्मठेप झाली. तो सुटला १९४१ साली.

आज आपण चंद्रसिंहास धन्य म्हणतो. पण प्रत्येक शिपाई प्रत्येक हुकूम आपल्या विवेकाच्या तराजूत घालू लागला तर सैन्य उरणार नाही, आणि कोणीच तसे करीनासा झाला तर प्रत्येक बागेत डायरला पन्नास हात आयते मिळतील. हा पेच मला सोडविता आलेला नाही. फार तर एवढे म्हणेन, की हुकूम शिपायाचा भार हलका करतो, नाहीसा करीत नाही. आणि नकार देणारास किंमत मोजावी लागते म्हणूनच त्याचा नकार लहर ठरत नाही.

राहिला पोलीस, आणि तोच सर्वांत अवघड जागी उभा आहे. त्याच्या पाठीशी हुकूम आहे, पण समोरचा क्षण नागरिकासारखा एकट्याचा आहे. १८२९ मध्ये पीलने लंडनचे पोलीस उभे केले तेव्हा त्यांच्या हाती दंडुका दिला, बंदूक नव्हे. पोलीस हा नागरिकांपैकीच एक, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडचा साधा शिपाई काठीच वागवीत आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरली तेव्हा त्यांच्यापाशीही काठीच होती. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून त्याच्यावर खटला चालला. त्या एका काठीने न्यायासनाचे केवढे काम केले!

त्याच शहरात दुसराही इतिहास आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने घालून दिले, की अशा प्रत्येक मृत्यूचा तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, संबंधित पोलिसाने आपले शस्त्र तपासणीसाठी जमा करावे, आणि चकमकीपाठोपाठ त्याला बढती वा शौर्याचे बक्षीस देऊ नये. या शेवटच्या अटीपाशी मी फार वेळ थांबलो. बक्षीस देऊ नये हे सांगावे का लागले? कारण ते दिले जात होते. आणि सरकारच देत होते असे नाही.

त्या वर्षांत आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत वर्तमानपत्र आले की कोणीतरी म्हणे, ‘‘आणखी एक संपला.’’ मीही त्यावर, ‘‘बरे झाले, खटला चालून काय झाले असते?’’ असे म्हटलेले मला स्पष्ट आठवते. सकाळी अकराच्या तासाला मी मुलांना पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये हे शिकवीत होतो! माझ्यासारख्याने उभ्या जन्मात बंदुकीला हात लावला नाही, लावणारही नाही. आम्ही पांढरपेशे शस्त्राला भितो, आणि ते परवान्याने जखडलेले असावे असे मनापासून म्हणतो. पण निर्णय मात्र आम्ही चहाच्या टेबलाशी बसून देऊन टाकला होता, त्याचा हुकूम तेवढा लेखी नव्हता. तो ज्याने अमलात आणला त्याची पुढे चौकशी झाली तर ती त्याची एकट्याची; आमच्यापैकी साक्षीला कोण जाणार होते?

गेल्या महिन्यात बँकेत रांग थोडी होती, तरी मी मुद्दाम थांबलो. परवान्याची मुदत संपत आली आहे, असे हवालदार सांगत होते. मी विचारले, पहिला अर्ज केलात तेव्हा शस्त्र कशाकरिता हवे त्या रकान्यात काय लिहिले होते? ते हसले. ‘‘कारकून म्हणत होता, स्वसंरक्षण लिहा, सगळे तेच लिहितात. मी म्हटलं, माझ्यावर कोण येतंय? नोकरी, असं लिहिलं.’’ तेवढ्यात माझा क्रमांक पुकारला गेला.