बॉनेटखालचे इंजिन

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या गल्लीत लाल माती येऊन पडते. कुणाच्या बांधकामावरची, कुणाच्या शेतातली. पोरे ती पोत्यांतून ओढत आणतात. दगडविटांच्या रचनेवर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, लेपावर मोहरी आणि अळीव, आणि वसुबारस उजाडेपर्यंत बुरूज, पायऱ्या, तळे, सिंहासनावर महाराज! बेळगावात वाढलेल्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की गेल्या दिवाळीत अशाच एका किल्ल्यापाशी उभे असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एका प्रश्नात अडकवले, आणि मी अजून त्यातून सुटलेलो नाही.

हा विद्यार्थी आता चाळिशीकडे झुकला आहे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तो पॅटर्न बनवतो. म्हणजे बिडाचा जो भाग ओतायचा, त्याच्या आकाराचा लाकडी नमुना. रात्री जेवणे झाली की घरी प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडतो आणि रंगवतो. समोरचा किल्ला रायगडाचा होता, तीनेक फूट उंच. तो खाली वाकला, महाराजांच्या मूर्तीला वीत लावली आणि म्हणाला, "सर, ह्या मापानं महाराज मुंगीएवढे पाहिजेत की!"

घरी येऊन आम्ही कागदावर हिशेब मांडला. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. तो तीन फुटांत बसवला, तर प्रमाण झाले साधारण १ ला ९००. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस भरतो जेमतेम २ मिलिमीटर. मुंगीसुद्धा जरा मोठीच म्हणायची.

"मग पोरांचा किल्ला खोटा काय?" मी विचारले.

"खोटा नव्हे सर. चुकीचा." मग थोडे थांबून म्हणाला, "चुकीचा तरी कसा म्हणू?"

नंतर एका रविवारी त्याच्या घरी गेलो. कपाटात पंचवीस-तीस मोटारी ओळीने उभ्या. त्याच्या पत्नीचा प्रश्न साधा आहे: "एवढ्या गाड्या आहेत सर, पण एकीत तरी बसून सौंदत्तीला जाता येतं काय?" यावर तो हसतो. मी मात्र हसलो नाही, कारण पहिल्यांदा माझ्याही मनात तेच आले होते.

खोका उघडला की आत मोटार नसते. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभर-सव्वाशे तुकडे असतात आणि एक सूचनापत्रक. प्रमाण बहुधा १ ला २४, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच; अमेरिकन खोक्यांवर १ ला २५ आढळते. आपली जुनी अँबेसेडर सव्वाचार मीटरांहून थोडी लांब. तिची या मापाची प्रतिकृती केली तर ती अठरा सेंटिमीटरांची होईल. तुकडे जोडायचा जो द्रव असतो तो आपल्या डिंकासारखा चिकटवत नाही. दोन्ही कडा विरघळवतो आणि वाळताना त्यांचे एकच प्लॅस्टिक होते. त्यामुळे त्याचा थेंब चुकून बोटाला लागला आणि ते बोट टपावर टेकले, की बोटाचा ठसा कायमचा! रंग पातळ थरांनी द्यायचा, थर वाळला की पाण्यातल्या बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा थर. बेळगावच्या पावसात तर आषाढापासून गणपती होईपर्यंत हे काम बंदच; दमट हवेत लॅकरवर पांढरट साय धरते.

या छंदाचे मूळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत एएमटी ही कंपनी १९४८ च्या सुमारास मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत ठेवायला छोट्या तयार प्रतिकृती करीत असे; सुट्या भागांचे खोके तिने पुढे काढले. जपानमध्ये शिझुओका येथील तामिया मुळात लाकडाचा व्यापार करणारी. ती आधी लाकडी प्रतिकृतींकडे वळली, १९६० मध्ये तिने 'यामातो' या युद्धनौकेची पहिली प्लॅस्टिक प्रतिकृती काढली आणि १९६७ मध्ये होंडाच्या शर्यतीच्या मोटारीची. १९७६ च्या पोर्शे मोटारीच्या प्रतिकृतीसाठी तर शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती सुटी केली. अस्सल गोष्ट मोडून तिची नक्कल सिद्ध करायची! नकलेला एवढा मान देणारा हा व्यवहार मला आधी विपरीत वाटला, पण त्यातली निष्ठा मान्य करावी लागली.

परंतु एवढी मापे घेऊनही शेवटी मापाला पूर्ण चिकटून राहता येत नाही, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. खऱ्या मोटारीचे दार आणि अंग यांमधली फट चार-पाच मिलिमीटरची. चोवीस पटींनी लहान केली तर ती एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, आणि रंगाच्या थरांनी बुजूनच जाईल. म्हणून ती मुद्दाम रुंद कोरतात. चमकीचा रंग खऱ्या मोटारीच्या डब्यातला वापरला, तर त्यातला प्रत्येक कण चोवीस पट मोठा असल्यासारखा दिसतो आणि मोटार वाळूने माखल्यासारखी वाटते. लहान वस्तूवर रंग गडद भासतो म्हणून त्यात किंचित पांढरा मिसळणारे कारागीर आहेत, आणि हे चूक म्हणून त्यांच्याशी भांडणारेही आहेत. खरे दिसावे म्हणून खऱ्यापासून थोडे हलावे लागते.

"हे आमच्या धंद्यात रोजचंच आहे सर," तो म्हणाला. ओतलेले बीड थंड होताना आकसते, मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. "पॅटर्न बरोबर मापाचा केला, तर माल चुकतो."

एम.ए.ला शिकलेला 'चित्रतुरगन्याय' मला तिथे, रंगाच्या बाटल्यांच्या वासात आठवला. शंकुकाचे हे मत अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवले आहे. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडाच' असे सम्यक् ज्ञान होत नाही, 'हा घोडा नव्हे' असे मिथ्यात्वाचे ज्ञान होत नाही, 'हा घोडा की नाही' असा संशय येत नाही आणि 'हे घोड्यासारखे काही' असे सादृश्यही मनात येत नाही. या चारांहून वेगळ्याच रीतीने आपण त्याला घोडा म्हणतो. रंगमंचावरच्या रामाचे तसेच, आणि मातीच्या रायगडाचेही. पोरांनी महाराजांना वीतभर केले ते माप येत नाही म्हणून नव्हे. गडावर कोण आहे हे दिसायला हवे म्हणून. इथवर माझे समाधान झाले होते. पुढच्या मोटारीने ते घालवले.

ती अर्धी जोडलेली होती. इंजिन बसवलेले, केसाएवढ्या बारीक तारा त्यावर ओढलेल्या, रेडिएटरची नळी काळी, तिच्या कड्या चंदेरी. बॉनेट मात्र बाजूला ठेवलेले. "हे आता चिकटवणार," तो म्हणाला, "उघडझाप केली की फट वाकडी दिसते." म्हणजे पंधरा रात्रींचे ते काम कायमचे झाकले जाणार. मी शाळामास्तर, अशा वेळी शाबासकी देण्याची जीभेला सवय आहे. कुणी पाहो न पाहो, काम चोख असावे, वगैरे. मी ते बोललोही. तो ओशाळला. म्हणाला, "तसं काय नाही सर. झाकायच्या आधी फोटो काढून ठेवतो, मित्रांना दाखवायला."

या प्रामाणिकपणाबद्दल मला तो अधिक आवडला. न दिसणाऱ्या कामाची प्रौढी हेही एक दाखवणेच असते, आणि ते पुष्कळदा दिसणाऱ्या कामाहून जास्त टाळ्या घेते.

मग त्याने कपाटातली दुसरी, लाल मोटार काढून माझ्या हातावर ठेवली. देखणी. मी ती उलटी केली. खालच्या तळावर इंजिनाचा नुसता उठाव होता, आत पोकळ. या जातीच्या खोक्यांत इंजिन देतच नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून जेवढी मोटार दिसते, तेवढीच करायची. मी म्हणालो, "मग ही फसवणूक." तो ठामपणे नाही म्हणाला. "खोक्यावर काय आहे, काय नाही ते लिहिलेलं असतं. विकत घेणाऱ्याला ठाऊक असतं. ही कुणाला 'माझ्यात बस' म्हणत नाही."

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. पण त्या संध्याकाळी घरी परतताना मला बारा वर्षांपूर्वीची एक तपासणी आठवत राहिली.

मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. शाळेचे नाव सांगत नाही. दोष शाळेचा नाही, माझा आहे. तपासणीची तारीख आली तेव्हा प्रयोगशाळेत काचेच्या कपाटाखेरीज काही धड नव्हते. नळाला पाणी नव्हते, स्पिरिटचे दिवे दोन, विज्ञानाची जागा वर्षभर रिकामी, गणिताचे सर वेळ मिळेल तसे पुस्तकातून शिकवीत. मी आठ दिवसांत भिंतींना चुना दिला, शेजारच्या संस्थेतून बाटल्या आणि परीक्षानळ्या मागून आणल्या, चित्रकलेच्या सरांकडून सुंदर अक्षरांत चिठ्ठ्या लिहवून घेतल्या, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. बऱ्याच बाटल्यांत रंगीत पाणी होते. तपासणीचे साहेब सज्जन होते. त्यांनी कपाटाच्या काचेतून पाहिले, शेरा लिहिला, आणि निघताना कौतुकाने म्हणाले, "मादरी शाले!"

मादरी या कन्नड शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक असतात: प्रतिकृती, आणि अनुकरण करावे असा आदर्श. मराठीत आपण हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत. 'नमुना' हा शब्द माणसाला लावला तर शिवीच होते. 'आदर्श' मात्र भिंतीवर रंगवतो. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा. साहेबांनी तो शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आणि मला तो पहिल्या अर्थाने ऐकू आला.

वर्षानुवर्षे मी मनाला असे समजावले, की साहेबांनाही सारे कळत होते; मी दाखवले, त्यांनी पाहिले, शाळेचे अनुदान टिकले, मास्तरांच्या घरच्या चुली पेटल्या. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. अनुदान गेले असते तर या भागात मराठी माध्यमाची आणखी एक शाळा बंद झाली असती, हेही खरे, आणि ते येथील वाचकांना हलके वाटणार नाही. फट जरा रुंद कोरली, एवढेच केले, असे मी म्हणू शकतो. परंतु ती फट दारासाठी असते, आणि माझ्या मोटारीला दार नव्हते. साहेब रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना जेवढे दिसायचे तेवढे दिसले. ज्यांना मी 'माझ्यात बस' म्हटले होते, ती मुले आत बसली होती. त्यांच्या खोक्यावर मी काही लिहिले नव्हते.

हा माझा विद्यार्थी त्याआधीच्या वर्षांतला, पण प्रयोगशाळेची दशा तेव्हाही निराळी नव्हती आणि मी तेव्हा तिथेच शिक्षक होतो. लाल मोटार कपाटात परत ठेवताना तो सहज सांगून गेला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी त्याने आयुष्यात प्रथमच परीक्षानळी ज्योतीवर धरली, आणि तोंड शेजारच्या मुलाकडे करून धरली. मास्तरांनी हात ओढला, सारा वर्ग हसला. "कुठल्या शाळेतला रे?" त्यांनी विचारले. "मी नाव सांगितलं नाही सर," तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आपण शाळेची लाज राखली, असे त्याला सांगायचे होते. मी चहाचा कप उगाच फिरवत राहिलो.

आता नळाला पाणी आहे आणि विज्ञानाच्या बाई आहेत. मुले प्रयोग करतात. तरी ते जुने कपाट कोपऱ्यात तसेच होते, कुणी उघडत नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिपायाला किल्ली आणायला सांगितली. चिठ्ठ्यांवरची अक्षरे अजून छान होती. बाटल्यांतले निळे पाणी निम्म्यावर आले होते. आम्ही दोघांनी एकेक बाटली मोरीत रिकामी केली. नववीची दोन मुले दाराशी येऊन पाहत होती. त्यांतल्या एकाने विचारले, "सर, हे कसलं औषध?"

"पाणी आहे," मी म्हणालो. तीन बाटल्यांची बुचे मात्र काही केल्या निघाली नाहीत.