सांगितल्याने झिजणारं ज्ञान

विद्या दिल्याने वाढते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मी ज्या विषयात संशोधन करतो तिथे मात्र उलट घडतं. शेअरबाजारातला एखादा नफ्याचा नियम कुणाला सापडला आणि त्याने तो छापला, की तो झिजायला लागतो. वाचणारे त्यावर पैसे लावतात, भाव आधीच हलतात आणि नफा आटतो.

मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी २०१६ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यांनी शोधनिबंधांतले असे ९७ नियम तपासले. मूळ अभ्यासाचा काळ संपल्यावर, पण निबंध छापून येण्याआधी, परतावा सरासरी २६ टक्क्यांनी कमी भरला. छापून आल्यावर तो ५८ टक्क्यांनी कमी भरला.

या दोन आकड्यांमधला जो फरक आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. चुकलेला भाव दुरुस्त झाला असेल, तर ज्ञान वाया गेलं नाही, ते भावात मुरलं. जिम सायमन्स गणिताचे प्राध्यापक होते. विद्यापीठ सोडून त्यांनी फंड काढला, रीत गुप्त ठेवली आणि अब्जाधीश झाले. त्यात मला अनैतिक काही दिसत नाही. खासगी फंडात शोधलेलं जगाला सांगण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. विद्यापीठातल्या माणसाला मात्र पगारच सांगण्याचा मिळतो.

खरी बोच २६ टक्क्यांची आहे. निबंध अजून छापलाही नव्हता, तरी नफा घटला. म्हणजे त्यातला काही भाग बहुधा मुळातच नव्हता. एकच आकडेवारी शेकडो जणांनी शेकडो तऱ्हांनी चाळली, की निव्वळ योगायोगानेही काहीतरी चमकतंच. कॅम्पबेल हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ३१६ घटक मोजले आणि नेहमीची सांख्यिकी कसोटी इथे फार सैल पडते, असं दाखवून दिलं.

गंमत अशी की यात कुणीच खोटं बोललेलं नसतं. निबंधातलं प्रत्येक वाक्य खरं असतं. फक्त आधी करून सोडून दिलेले प्रयत्न त्यात नसतात. ‘काही सापडलं नाही’ असा निबंध सहसा छापला जात नाही आणि निबंधांशिवाय नोकरी कायम होत नाही. नियमाची खरी परीक्षा पुढच्या दहा वर्षांच्या बाजारात होते, बढती त्याआधीच मिळून जाते. नापास झाल्याची किंमत मोजतो तो त्या नियमावर बेतलेल्या फंडात बचत घालणारा माणूस. त्याने तो निबंध कधी पाहिलेलाही नसतो.

म्हणून मला वाटतं, खरं लिहिणं पुरेसं नाही. किती वाटा धुंडाळल्या हे सांगायला हवं आणि आपल्याच शोधाकडे परत जायला हवं. चढणारे शेअर काही महिने चढतेच राहतात, हा ‘मोमेंटम’चा नियम नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ साली मांडला. २००१ साली त्यांनीच तो नव्वदच्या दशकातल्या नव्या आकड्यांवर पुन्हा घासून पाहिला. तो टिकला. टिकला नसता, तर तेही त्यांनाच लिहावं लागलं असतं.

ही दुसरी फेरी बढतीच्या अर्जात कुणी मागत नाही. ज्याची नोकरी अजून कायम व्हायची आहे, त्या तरुणाकडून तिची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. ती आधी आम्ही करायला हवी. आमच्या नोकऱ्या कधीच कायम झाल्या आहेत.