‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याचे धैर्य

वैद्याने रुग्णाला धीर द्यावा, ही आपली रास्त अपेक्षा असते. परंतु धीर देण्यासाठी, जे ठाऊक नाही तेही ठाऊक असल्याचा आव त्याने आणावा काय? मेंदूच्या विकारांत हा प्रश्न अधिकच बोचतो. कारण तिथे पणाला लागलेली असते ती माणसाची स्मृती, वाणी आणि आप्तांची ओळख.

नील्स स्टेन्सन यांचे जीवन या संदर्भात चिंतनीय आहे. १६३८ साली कोपनहेगनमधील एका सोनाराच्या घरी ते जन्मले आणि १६५६ मध्ये तेथील विद्यापीठात वैद्यक शिकू लागले. १६६० साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांना कानाजवळच्या लाळग्रंथीची नलिका आढळली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे त्यांचे लक्ष मेंदूकडे वळले.

त्या काळी तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मताचा मोठा दबदबा होता. मेंदूतील पिनिअल ग्रंथी हे आत्म्याचे आसन असून तिच्या हालचालींनी शरीर चालते, असे त्यांनी मांडले होते. १६६५ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे स्टेन्सन बोलायला उभे राहिले, ते मेंदूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही अशी कबुली देऊनच! त्यानंतर, ही ग्रंथी भोवतालच्या भागांना घट्ट जोडलेली असल्याने सांगितली जाते तशी ती हलूच शकत नाही, हे त्यांनी विच्छेदनाच्या आधारे स्पष्ट केले.

‘ठाऊक नाही’ हे उत्तर आळशी माणूसही देतो, आणि जबाबदारी टाळणाराही. स्टेन्सन यांच्या शब्दांना वजन आले ते त्यांमागील परिश्रमांमुळे. १६६७ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढे बिशप. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले. सत्यापुढे नम्र होण्याची सवय त्यांना आधीच विच्छेदनाच्या मेजावर लागली असावी, असे वाटते.

आज मेंदूविषयीचे ज्ञान कितीतरी वाढले आहे. अल्झायमरवरील लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. परंतु ते ऱ्हासाचा वेग थोडा मंदावते, हरवलेली स्मृती परत आणत नाही. दुसरीकडे, रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, एकाकीपणा अशा १४ गोष्टींकडे आयुष्यभर लक्ष दिले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा ‘लॅन्सेट’ आयोगाचा २०२४ चा अंदाज आहे.

“आई मला पुन्हा ओळखेल ना?” असे मुलाने विचारले, तर डॉक्टरांनी काय सांगावे? खोटे आश्वासन कुटुंबाला महागड्या, निरुपयोगी उपचारांच्या दारी नेते. “ठाऊक नाही” एवढेच म्हणून उठणे हीही निष्ठुरताच. ते प्रांजळपणे सांगून, तिच्या कानांचे, रक्तदाबाचे आणि सोबतीचे काय करता येईल हे समजावीत काही वेळ त्या मुलापाशी बसणे, एवढे तर डॉक्टरांच्या हाती नक्कीच असते.