गंजलेल्या विक्रीयंत्राची माया

पडक्या वाड्याविषयीं किंवा ओसाड देवळाविषयीं माणसाला ओढ वाटते, ह्याचें कोणी नवल करीत नाहीं. तेथें कोणाचा तरी पराक्रम असतो, नाहीं तर भक्ति असते. निदान एखादी आख्यायिका तरी असतेच. परंतु नाणें टाकलें असतां पेयाचा डबा बाहेर लोटणारी लोखंडी पेटी रस्त्याच्या कडेला गंजत पडावी, आणि तिचें छायाचित्र घेण्यासाठीं लोकांनीं दूरदूरच्या गांवांहून यावें, असें जपानांत आज घडत आहे. त्याचें कारण शोधूं लागलें म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक रहात नाहीं.

नाणें घेऊन माल देण्याची युक्ति मूळची जपानची नव्हे. ख्रिस्ताच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें नाण्याच्या भारानें देवळांतील तीर्थ सोडणारें पात्र वर्णिलें आहे. (एका नाण्यांत भक्तानें किती तीर्थ न्यावें, ही चिंता त्या काळींही होती म्हणावयाची!) जपानांत शिमोनोसेकी येथील तावाराया ताकाशिचि ह्या कारागिरानें १९०४ सालीं टपालाचीं तिकिटें व कार्डें विकणारें लाकडी यंत्र तयार केलें; तें आजही जपून ठेवलेलें आहे. पुढें १९६७ सालीं तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूचें १०० येनचें नाणें निघालें, आणि विक्रीयंत्रांचा प्रसार झपाट्यानें झाला. २००० सालच्या सुमारास त्यांची संख्या सुमारें ५६ लाख, म्हणजे दर तेवीस माणसांमागें एक, इतकी होती. आतां ती चाळीस लाखांच्या आसपास उतरली आहे.

परंतु आंकड्यांनीं माया उत्पन्न होत नाहीं. लोकांचा विशेष जीव जडला आहे तो १९७० नंतरच्या दशकांतील, 'उदोन' नांवाच्या ऊन ऊन शेवया देणाऱ्या यंत्रांवर. नाणें टाकलें कीं आंतल्या वाडग्यांत कढत पाणी पडतें. वाडगा गरगर फिरून तें झाडून टाकतो. मग रस्सा येतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आंत वाडगा खिडकीशीं हजर होतो. तोंवर उरलेले सेकंद दाखविणारे आंकडे लुकलुकत असतात. मौज अशी कीं, ह्या यंत्राला स्वयंपाक मुळींच येत नाहीं. शेवया उकडून, त्यांवर एखादें भजें किंवा कांद्याची पात ठेवून वाडगे भरण्याचें काम कोणी तरी माणूसच आपल्या हातानें करीत असतो. म्हणून एका गांवच्या यंत्रांतली चव दुसऱ्या गांवीं मिळत नाहीं. रात्रीं मालमोटार हांकणाऱ्यानें तो वाडगा हातीं घेतला, तर त्याच्या मागें सकाळीं उठून राबलेली कोणी तरी असे. दोघांची गांठ मात्र कधीं पडत नसे.

आमच्या मतें मायेचें मूळ येथें आहे. यंत्र बसविलें तें दुकानांतला माणूस वांचविण्यासाठीं, आणि आज तेंच यंत्र मोडकळीस आलें असतां आपण त्यांत शोधतों तो माणूसच. आपल्या रेल्वे-स्थानकांवरील, लाल-निळे दिवे लुकलुकवीत वजनाचें तिकीट देणारें आणि पाठीमागें भविष्यही छापून देणारें यंत्र ज्यांना आठवत असेल, त्यांना हें पटेल. त्या भविष्यावर कोणाचाही विश्वास नव्हता. तरी कोणी तरी आपल्याशीं दोन शब्द बोललें, असें वाटे.

परंतु ह्या आवडीवर एक नैतिक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. जपानच्या २०२३ च्या गृहगणनेंत रिकामीं घरें ९० लाख, म्हणजे सातांत जवळजवळ एक, निघालीं. तरुण शहरांत गेले, म्हातारे वारले, दुकानाचें दार लागलें, आणि दारापुढचें यंत्र तेवढें उभें राहिलें. कांचेमागचे नमुन्याचे डबे उन्हानें फिके पडले, किंमतीचा आंकडा पुसट झाला, वेल चढला. अशा ठिकाणीं सौंदर्य पाहणें म्हणजे परक्याच्या घरच्या सुतकांत रसिकता करणें नव्हे काय? जपानी भाषेंत जुनेपणाच्या निवांत सौंदर्याला 'साबि' म्हणतात, आणि लोखंडावरच्या गंजालाही 'साबि'च म्हणतात. लिहितांना अक्षरें निराळीं, उच्चार एक. शब्दांच्या ह्या जुळणीवर रसिक खूष असतात. ज्याच्या पोटापाण्याच्या धंद्यावर गंज चढला, त्याला ती एकदां ऐकवून पाहावी!

एइजी ओहाशि ह्या छायाचित्रकारानें होक्काइदोच्या बर्फांत एकटींच उजळत उभीं असलेलीं विक्रीयंत्रें टिपलीं आहेत. त्या चित्रांत उदासपणा आहे, परंतु दिवाही आहे. दिवा आहे त्या अर्थीं वीज भरणारा आणि डबे भरावयास बर्फ तुडवीत येणारा कोणी तरी आहे. 'नाणें टाक, वस्तु घे' हा दिलेला शब्द तेथें अजून पाळला जातो. विझलेल्या यंत्रावर शब्द तसाच लिहिलेला असतो. पाळणारा मात्र निघून गेलेला असतो. त्या दृश्यानें मन हेलावलें तर त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं; परंतु तो निघून गेलेला कोण होता हें विचारण्याचीही ज्याला इच्छा होत नाहीं, त्याची हळहळ आम्हांस संशयास्पद वाटते.

कारण जपानांतच दुसऱ्या प्रकारचीही माया आहे. तेथें ८ फेब्रुवारीस, कांहीं भागांत ८ डिसेंबरास, मोडलेल्या सुया सोयाबीनच्या मऊ वडींत टोचून त्यांचे आभार मानतात. आपण खंडेनवमीस हत्यारें पुजतों तीं उद्यां कामास येणारीं; तेथें निरोप मिळतो तो कामांतून गेलेल्या सुईला. आणि टोकियोजवळच्या सागामिहारा शहरांत जुन्या टायरांच्या एका दुकानदारानें टाकून दिलेलीं विक्रीयंत्रें गोळा करून दुरुस्त केलीं व आपल्या आवारांत ओळीनें चालू ठेवलीं. आज तेथें अशीं शंभराच्या घरांत यंत्रें आहेत. जुन्या यंत्रांचे भाग कारखान्यांत मिळत नाहींत; तेव्हां एकाचा अवयव काढून दुसऱ्याला बसवावा लागतो. शेवयांचे वाडगे रोज भरावे लागतात तें निराळेंच. २०२१ सालीं ५०० येनचें नवें दुरंगी नाणें निघालें. तें जुन्या यंत्राच्या फटींत टाकलें तर खडखडत तसेंच खालीं येतें, आणि पाहुण्याला खिसा चाचपून १९६७ पासूनच्या घडणीचें १०० येनचें नाणें शोधावें लागतें.