डागावरची इस्त्री

एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, पुढे रुंद टेबल, टेबलावर जुन्या चादरींच्या घड्या आणि त्यावर कोळशाची जड इस्त्री. नवरा इस्त्री करायचा. बायको घरोघरचे कपडे गोळा करून आणायची, पाणी शिंपडून द्यायची, घड्या घालायची आणि संध्याकाळी पोचवून यायची. कुठला सदरा कुणाचा हे तिला खूण न करताही ओळखू यायचं.

दिवसभर निखाऱ्यांपुढे उभं राहायचं म्हणजे घाम आलाच. त्यात पावसाळा. कपडे अंगावर भिजायचे आणि अंगावरच वाळायचे. अशाच एका पावसाळ्यात नवऱ्याच्या कमरेला, करगोट्याच्या खाली, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. त्याची कड जाडसर आणि खपल्यांची होती, मधली कातडी जवळजवळ साधी दिसायची. दिवसा कामात तो विसरून जायचा. रात्री मात्र इतकी खाज सुटायची की झोपेतही नखं थांबायची नाहीत.

शेजारच्या म्हातारीने ऐकल्याबरोबर सांगितलं, "नायटा आहे. टाकळ्याचा पाला वाटून लाव." टाकळा रस्त्याच्या कडेला फुकट उगवला होता. त्याने आठ दिवस पाला लावला. थोडा गारवा वाटला, पण एका चट्ट्याचे तीन झाले.

मग तो औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या पोराने चट्टा बघितला नाही, बघायला मागितलाही नाही. फळीवरची एक ट्यूब काढून दिली. "तीन औषधं एकात आहेत, काका. सगळ्यावर चालते."

आणि ती खरंच चालली. रात्री लावली, सकाळी खाज नव्हती. तिसऱ्या दिवशी लालीही गेली. नवऱ्याने पोराला मनोमन दुवा दिला आणि उरलेली ट्यूब फळीवर ठेवून दिली. काही दिवसांनी चट्टे परत आले. त्याने परत ट्यूब लावली, चट्टे परत गेले. पुढच्या वेळी ते जांघेत उतरले, त्याच्या पुढच्या वेळी मांडीवर. आता त्यांना पूर्वीसारखी गोल कडही राहिली नव्हती. लाल-काळपट, कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळू नये असे ते पसरले होते. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि घरात रिकाम्या ट्यूबा साठत गेल्या.

एकदा तो काउंटरवर भांडलाही. "हल्ली ट्यूबमध्ये औषध कमी भरता का रे? आठवड्यात संपते." पोरगा हसला. बायको तेव्हा शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

रात्री मात्र ती बोलायची. "अहो, डॉक्टरला दाखवू या ना."

"नायट्याला कसला डॉक्टर?" म्हणून तो कूस बदलायचा.

खरी गोष्ट वेगळी होती. एक तर जागा अशी, की डॉक्टरपुढेही उघडी करायची लाज. आणि दुसरी भीती पोटाची होती. इस्त्रीवाल्याच्या अंगावर नायटा आहे, हे गल्लीत कळलं तर त्याच्या हातात आपले कपडे कोण देईल? त्यामुळे तो गप्प होता, आणि दिवसभर हात टेबलावर घट्ट रोवून उभा राहायचा, म्हणजे ते चुकून कमरेकडे जाणार नाहीत.

एका सकाळी बायकोने कपड्यांचं गाठोडं सोडलं. त्यात एक पांढरा सदरा होता, छातीवर चहाचा डाग पडलेला. नवऱ्याने तो पसरला, पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हा परत दे. म्हणावं, आधी डाग काढून आणा. डागावर इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो. मग कुणाच्या बापाला निघत नाही."

बायको सदऱ्याची घडी घालता घालता थांबली. "हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता," ती म्हणाली. "आणि स्वतःच्या अंगावर एवढे महिने काय फिरवताय?"

नवऱ्याने इस्त्री उचलली, परत ठेवली. उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं.

जिल्ह्याच्या गावी सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल होतं. दोघं पहाटेच्या एसटीने गेले. केसपेपरसाठी रांग, त्वचारोग विभागासमोर दुसरी रांग. दुपारपर्यंत त्याने दोनदा तरी म्हटलं, "चल, जाऊ परत." बायको बाकावरून उठली नाही.

आत एक डॉक्टरबाई होत्या आणि त्यांच्याभोवती शिकाऊ मुलं-मुली. नवऱ्याला घाम फुटला. बाईंनी ते ओळखलं. दोन मुलांना थांबवून बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि पडदा ओढला. तपासणी होईपर्यंत तो भिंतीकडे बघत राहिला. पुष्कळ महिने ज्याची भीती घेतली होती, ते पाच मिनिटांत संपलं.

"आत्तापर्यंत काय काय लावलंत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "टाकळ्याचा पाला लावला होता थोडा."

बायकोने पिशवीतून एक फडकं काढलं आणि गाठ सोडली. पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा तिने एकेक करून टेबलावर मांडल्या. नवरा बघतच राहिला. त्याने फेकलेली प्रत्येक ट्यूब तिने उचलून ठेवली होती.

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "लोक सगळं सांगतात, एवढंच सांगत नाहीत." त्यांनी एक ट्यूब मुलांपुढे धरली. "वाचा. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल. अत्यंत जहाल स्टेरॉइड." ट्यूबच्या पाठीवर लाल चौकटीत बारीक इंग्रजी अक्षरं होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं तिथे छापलेलं होतं. स्टेरॉइडच्या मलमांवर सरकारने 2018 साली हा नियम आणखी कडक केला, तरी काउंटरवर ती मागितली की मिळत होती.

मग बाई नवऱ्याकडे वळल्या. "लाली आणि खाज म्हणजे तुमचं शरीर बुरशीशी झगडत असतं. स्टेरॉइड तो झगडा बंद पाडतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. बुरशी मात्र आत तशीच राहते आणि तिला रान मोकळं मिळतं."

त्यांनी त्याच्या जांघेतल्या लालसर चिरांकडे बोट केलं. "आणि या चिरा नायट्याच्या नाहीत, त्या मलमाच्या आहेत. कातडी पातळ होऊन पडल्या आहेत. नायटा जाईल. या फिकट होतील, पण जायच्या नाहीत."

एका मुलीने बोथट पात्याने चट्ट्यावरचा कोंडा खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी उरते. थोड्या वेळाने तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मग नवऱ्याला बोलावलं. "बघायचंय, काका?" त्याने वाकून पाहिलं. काचेवर फिकट, लांब, फांद्या फुटलेले धागे पसरले होते. एवढे महिने ज्याच्याशी झुंजत होता, ते त्याने पहिल्यांदा पाहिलं.

"पूर्वी टर्बिनाफिनच्या दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचं भागायचं," बाई मुलांना सांगत होत्या. "आता आपल्याकडे जी बुरशी पसरली आहे, तिच्यावर ती गोळी पुष्कळदा लागू पडत नाही. 2020 साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नावही मिळालं. म्हणून उपचार लांबतो." आणि लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "घरात आणखी कुणाला आहे का?"

"घरात आम्ही दोघंच," नवरा म्हणाला. "हिला काही नाही."

बायको खाली बघत होती. तिचा हात नकळत कमरेशी गेला होता, परकराची नाडी बांधतात तिथे.

बाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. पडदा परत ओढला गेला. तो परत आत आला तेव्हा टेबलावर दोन चिठ्ठ्या होत्या.

नवऱ्याला ट्यूब आठवडाभरात का संपायची ते तेव्हा कळलं. "मला का नाही सांगितलंस?" तो हळूच म्हणाला.

"दोन ट्यूबांचे पैसे कुठून आणायचे?" ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुमचं बरं होऊ दे. मग माझं बघू."

"असं पाळीपाळीने होत नसतं हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाचं राहिलं की त्याच्याकडून दुसऱ्याला परत. दोघांनी एकाच दिवशी सुरू करायचं."

बायकोला दिवस गेलेत का, दोघं आणखी कसल्या गोळ्या घेतात का, हे त्यांनी विचारून घेतलं. साखर आणि लिव्हर तपासायला रक्त घेतलं. इट्राकोनाझोलच्या गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या, बरोबर पित्ताची गोळी घ्यायची नाही. साधं बुरशीचं मलम दोन वेळा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. टॉवेल वेगळे, अंथरूण वेगळं. कपडे सैल, सुती. रोजचे कपडे गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून उन्हात वाळवायचे आणि जमलं तर आतून इस्त्री करायचे.

शेवटचं वाक्य ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. साऱ्या गल्लीच्या कपड्यांवर त्यांची इस्त्री फिरत होती. स्वतःच्या घरातली चड्डी किंवा परकर मात्र त्या टेबलावर कधी आला नव्हता.

नवऱ्याने धीर करून विचारलं, "आणि गिऱ्हाइकांचे कपडे?"

"ते तर तुमच्याकडून तापूनच बाहेर पडतात," बाई म्हणाल्या. "मळक्या गाठोड्यांवर बसू नका, एवढं पाळा. आणि तो करगोटा काढा. ओला राहतो, बुरशी धरून ठेवतो."

हे त्याला गोळ्यांपेक्षा जड गेलं. करगोटा आईने बांधलेला होता. जिवंत माणसाने कंबर मोकळी ठेवू नये, असं ती म्हणायची. घरी आल्यावर तो बराच वेळ कातरी हातात घेऊन बसला. मग त्याने करगोटा कापला आणि देवापुढे नाही, सरळ चुलीत टाकला. आई असती तर रागावली असती. पण तिनेही तो लेकराच्या भल्यासाठीच बांधला होता.

स्टेरॉइड बंद केलं की पहिले काही दिवस खाज उलट वाढेल, असं बाईंनी बजावलं होतं. तशी ती वाढली. चौथ्या रात्री बायकोला जाग आली, तर नवरा अंधारात फळी चाचपत होता. तिथे एक अर्धी ट्यूब कशी कोण जाणे राहून गेली होती. ती ओरडली नाही. तिने फडकं गार पाण्यात भिजवून त्याच्या हातात दिलं, ट्यूब काढून घेतली आणि उजाडेपर्यंत त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसली. तिलाही खाज सुटतच होती. त्या रात्री दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर उघडपणे कण्हले.

तीन आठवड्यांनी खाज गेली. नवरा म्हणाला, "झालं की बरं. गोळ्या महाग आहेत." तिने रिकाम्या पाकिटांवर बोट ठेवून राहिलेले आठवडे मोजून दाखवले. ती रोज रात्री जेवणानंतर दोन गोळ्या ताटाशेजारी ठेवत गेली, एक त्याची, एक आपली. दोनदा तपासणीला जाऊन आले. पुढचा पावसाळा लागला, सरला, आणि चट्टा उठला नाही. चिरा तेवढ्या राहिल्या.

नवऱ्याने लाजेने लपवलं आणि बायकोने मायेने. बुरशीला दोन्ही सारखंच मानवलं. एका अंथरुणावर झोपणाऱ्या दोघांतलं दुखणं एकट्याचं राहत नाही, म्हणून त्याचा इलाजही एकट्याने होत नाही, आणि खाज थांबली म्हणजे तो पुरा झाला असंही नाही. गोष्टीतलं घेण्यासारखं काय ते एवढंच. बाकी इस्त्रीचं दुकान पूर्वीसारखंच चालू राहिलं.

पुढे एकदा कॉलेजातल्या एका पोराचा सदरा इस्त्रीला आला. नवऱ्याने सवयीने खिसा चाचपला. आत अर्धी पिळलेली ट्यूब होती, लाल चौकटीची. संध्याकाळी पोरगा कपडे न्यायला आला तेव्हा नवऱ्याने ती घडीवर ठेवली.

"ही तुझी का रे?"

पोरगा लाल झाला. "नाही, मित्राची आहे."

"बरं. मग मित्राला सांग, ही लावणं बंद कर आणि जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात जा. सकाळी लवकर गेला तर केसपेपर पटकन निघतो. ट्यूब टाकू नको म्हणावं, डॉक्टरबाईंना दाखव." नवऱ्याने पैसे गल्ल्यात टाकले. "आणि तुम्ही खोलीत किती जण राहता?"

"चौघं."

"टॉवेल किती?"

पोरगा काहीच बोलला नाही.

"मग चौघंही जा," बायको आतून म्हणाली.