खऱ्या छापखान्यातली खोटी नोट

नोट खोटी कशामुळे ठरते? कागद, शाई किंवा छपाई वेगळी असल्यामुळे, असं आपण पटकन म्हणू. मग १९२५ साली पोर्तुगालमध्ये फिरलेल्या ५०० एस्कुदोंच्या नोटेचं काय करायचं?

आर्तुर आल्विश रेइश या माणसाने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाची बनावट कागदपत्रं दाखवून लंडनच्या वॉटरलो अँड सन्सकडून नोटा छापून घेतल्या. बँकेच्या मूळ नोटाही याच कंपनीने छापल्या होत्या. प्लेट त्याच, चित्रातला वास्को द गामाही तोच. खोटी होती फक्त परवानगी. एकाच क्रमांकाच्या दोन नोटा सापडल्या, तेव्हा कुठे बिंग फुटलं.

सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. कमांड अक्षर न अक्षर तीच, पण चालवणाऱ्याला अधिकार नसेल तर ती घुसखोरी. खरेपणा वस्तूत नसतो, तिच्यामागे कोण उभं आहे यात असतो.

पण ज्या दुकानदाराने ही नोट विश्वासाने घेतली, त्याचं काय? बँकेने ५०० च्या सगळ्या नोटा परत मागवल्या आणि खऱ्या-खोट्या न बघता बदलून दिल्या. मग वॉटरलोवर खटला भरला. कंपनी म्हणाली, तुमचं नुकसान छपाईच्या खर्चाएवढंच. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरवलं, नुकसान नोटांच्या दर्शनी किमतीनेच मोजायचं.

म्हणजे किंमत कागदाची नव्हतीच, दिलेल्या शब्दाची होती. आपल्या नावावर दुसऱ्याने खोटं खपवलं, तरी विश्वास ठेवणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. शब्द पाळणं मला तरी इथपर्यंत जाणारं वाटतं.