घराणं कशावर उभं राहतं

सौंदत्तीच्या रट्टांचं राज्य बेळगाव-सौंदत्तीच्या मुलखात होतं. पुढे त्यांची राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे आजच्या बेळगावला आली. त्यांच्या शिलालेखांत राजाचं नाव येण्याआधी बिरुदांची लांबलचक रांग लागते. सोन्याचा गरुडध्वज, स्वारीपुढे वाजणारं त्रिवळी नावाचं वाद्य आणि ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचा स्वामी. बहुतेक अभ्यासक लट्टलूर म्हणजे आपलं लातूर मानतात. गंमत अशी, की लातुरावर रट्टांची सत्ता नव्हतीच. ते चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्यांचा कारभार कित्येक कोस दूर कृष्णेच्या खोऱ्याकडे चालायचा. नावापुरतंही नसलेलं गाव त्यांनी दोनशे वर्षं नावात मिरवलं.

हे एकट्या रट्टांचं नव्हे. लातूरपासून फार लांब नसलेलं तेर, जुनं तगर, हेही असंच परक्या मुलखात गाजत होतं. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. गोव्याचे कदंब बनवासीचं नाव लावत, देवगिरीचे यादव तर थेट द्वारावतीचं. मराठवाड्यातल्या माणसाला यात एक कडू चव लागते. इथली गावं मोठेपणासाठी वापरली गेली आणि सत्ता दुसरीकडे थाटली गेली, ही तक्रार आजची नाही.

रट्टांकडे लट्टलूरचं बिरुद राष्ट्रकूटांकडून आलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या ८६६ च्या शिरूरच्या लेखात ते सापडतं. अमोघवर्षाची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. लातूर तेव्हा राजधानी नव्हतं, ते घराण्याचं ‘मूळ’ होतं. राष्ट्रकूटांनी इथं काही उभारलंच नाही असंही नाही. तिसऱ्या कृष्णाच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकात, कंधार भरभराटीला आलं. तिथला जगत्तुंग समुद्र हा तलाव अजून त्याच नावाने ओळखला जातो. क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे तिथं सापडले आहेत. त्यातल्या एकट्या पावलाशेजारी उभं राहिलं तरी अखंड मूर्तीचा अंदाज बांधताना मान वर करावी लागते. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने ही सत्ता उलथवली. पण मूळ गावाचं नाव पडलं नाही. उलट, राज्य गेल्यावर ते जास्त कामाचं झालं. सम्राटाला मुळाची आठवण करून द्यावी लागत नाही, मांडलिकाला लागते. आपण आज कोणाचे तरी चाकर असलो, तरी आपलं कूळ चाकराचं नाही, एवढं सांगायला ते बिरुद पुरत होतं.

अमोघवर्षाच्या हयातीतच युरोपात ८७७ मध्ये चार्ल्स द बाल्ड या राजाने कियर्झी इथे एक फर्मान काढलं. सरदार वारला तर त्याचं पद मुलाकडे जाईल, अशी हमी त्यात होती, तीही राजा इटलीच्या मोहिमेवर असताना आपलं घर शाबूत राहावं एवढ्यापुरती. इतिहासकार त्या फर्मानाकडे वंशपरंपरागत सरंजामाची खूण म्हणून बोट दाखवतात. तिथल्या सरदाराचा मोठेपणा मग हळूहळू किल्ल्याला आणि जमिनीला बांधला गेला, आणि जमीन थोरल्या मुलाला. धाकट्यांनी काय करायचं? इंग्लंडच्या विल्यम मार्शलचं आयुष्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. तो चौथा मुलगा, वाट्याला जमीन नाही. लहानपणी ओलीस म्हणून राजाच्या छावणीत. बापाने शब्द मोडला म्हणून फासावर जायची वेळ आलेली. पुढे स्पर्धेतल्या लढाया जिंकत, खंडण्या मिळवत तो वर चढला. ११८९ मध्ये राजाच्या मर्जीने त्याचं लग्न इझाबेल डी क्लेअरशी झालं आणि तिच्या माहेरच्या अफाट जमिनीवर तो इंग्लंडातल्या बड्या सरदारांत जाऊन बसला. त्याला पाच मुलगे झाले. पाचही एकामागून एक वारस झाले आणि एकालाही औरस संतान झालं नाही. १२४५ मध्ये पुरुषवंश संपला, इस्टेट पाच मुलींच्या घरांत वाटली गेली. रक्ताच्या नावाने चालणारं हे सगळं प्रकरण लग्नावर आणि दैवावर किती टेकलेलं असतं, ते इथं दिसतं.

आपल्याकडे थोरल्याला सगळं आणि धाकट्याला घोडा, असं कधी झालं नाही. बहमनी काळापासून परगण्याचा देशमुख सारा वसूल करी, रसूम, म्हणजे हक्काचा वाटा, घेई आणि इनाम खाई. त्याचं वतन भावाभावांत वाटलं जाई: थोरली पाती, धाकटी पाती. उत्पन्न वाटता येतं, मान वाटता येत नाही. म्हणून भांडणं रसुमापेक्षा वडीलकीची जास्त. शिरपाव आधी कोणाला, विडा आधी कोणाला, कागदावर निशाणी आधी कोणाची, दसऱ्याला सोनं लुटायला पुढे कोण. अशा तंट्यांसाठी गोतसभा बसत, महजर होत, आणि पुरावा अडला की रवादिव्य: उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून ठेवायचा, मग फोड आला की नाही ते बघून निवाडा. विडा आधी मिळावा म्हणून माणसं हात तेलात घालत. हा मला निव्वळ मूर्खपणा वाटत नाही. पहिला विडा ज्याला मिळाला, पुढच्या पिढीला पुरावा म्हणून तोच दाखवला जाई. वहिवाट हाच दस्तऐवज होता.

मोगल आले तसा पुरावा पुन्हा हलला. आज नांदेड जिल्ह्यात असलेल्या माहूरचा उदाराम हा दक्षिणी ब्राह्मण सरदार जहांगीरच्या काळात मलिक अंबरला सोडून मोगलांकडे गेला आणि मनसबदार झाला. मनसब ही वतनासारखी नव्हती. ती माणसाला मिळे, घराला नाही. माणूस गेला की सरकार हिशेब मांडून बसे. घर टिकवायचं तर दर पिढीत कुणीतरी फौज बाळगून बादशहाच्या उपयोगी पडायला हवं. उदारामनंतर ती जबाबदारी पेलली त्याच्या बायकोने, सावित्रीबाईने. रायबागन ही तिची पदवी. मुलगा जगजीवनराव मनसबीचा धनी, पण माहूरच्या परंपरेत लक्षात राहिली ती आई.

१६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्तेखानाने कोकणात उतरायला पाठवलेल्या कारतलबखानाच्या फौजेत ती होती. उंबरखिंडीच्या रानात, अरुंद वाटेवर शिवाजी महाराजांनी ती फौज दोन्ही बाजूंनी कोंडली. पाणी नाही, वारा नाही, परतीची वाट बंद. तेव्हा शरण जायचा सल्ला खानाला दिला तो रायबागनने, आणि खंडणी देऊन सामानसुमान मागे टाकून खान सुटला. हे आपल्याला कुठून कळतं? कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तून, म्हणजे प्रतिपक्षाच्या कवीकडून. उलट, मार्शलचं एकोणीस हजारांवर ओळींचं पद्यचरित्र त्याच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतलं.

इथं ‘बघा, आमच्याकडे बाया लढत होत्या’ असं म्हणायचा मोह मी टाळतो. १२०७-०८ मध्ये मार्शल हा जॉन राजाच्या दरबारात अडकलेला असताना त्याची गरोदर बायको इझाबेल हिने आयर्लंडातल्या आपल्या जमिनी बंडखोरांपासून राखल्याच होत्या. दोन्हीकडे घर बाईच्या हाती आलं ते पुरुष मेला किंवा अडकला म्हणून. फरक असलाच तर राखायचं काय यात होता. इझाबेल बापाची जमीन राखत होती, रायबागन बादशहाची मर्जी.

निजामाच्या अमलात हा प्रवास कागदावर येऊन थांबला. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्हावार कारभाराची घडी, बसवली, वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे गेली आणि देशमुख-देशपांड्यांकडे नुसता रसूम उरला. जहागीरदाराच्या वारसाला दर वेळी विरासत मंजूर करून घ्यावी लागे, आणि कुणाचा हिस्सा किती हे मुंतखब नावाच्या सरकारी कागदात लिहिलं जाई. पुढे १५ ऑगस्ट १९४९ च्या विनियमाने जहागिऱ्याच रद्द झाल्या. मुंतखब मात्र रद्द झाला नाही. इनाम जमिनीचा वाद निघाला की नांदेड-लातूरकडची घरं आजही पेटी उघडतात. उर्दू वाचणारा माणूस शोधतात, मुंतखबाचं भाषांतर करून घेतात आणि पणजोबाच्या नावापुढे किती आणे हिस्सा लिहिलाय ते तहसिलात दाखवतात. कूळ कोणतं, मूळ गाव कोणतं, हे तिथं कुणी विचारत नाही. आणे जुळले की काम होतं.